सीमेपलीकडची सून

आपल्या खानदेशात सोयरीक जुळवायची तर माणसे फार लांब जात नाहीत. चोपड्याची लेक अमळनेरला देतात, साक्रीची शिरपूरला देतात. फार झाले तर नाशिक, नाहीतर सुरत. आखाजीला भाऊ न्यायला येतो. दोघे एस.टी.त बसतात आणि दिवस मावळायच्या आत बहीण माहेरच्या झोक्यावर बसलेली असते.

पण जळगाव शहरात अशाही सुना आहेत, की ज्यांच्या माहेरी कोणतीच एस.टी. जात नाही. त्यांचे माहेर सिंध प्रांतात आहे, आणि सिंध आज पाकिस्तानात आहे. या सुना इकडे कशा आल्या? लग्न झाल्यावर त्या आपल्या देशाच्या झाल्या की नाही? हे नीट समजून घेऊ या.

कापड घ्यायला तुम्ही जळगावच्या फुले मार्केटात गेला असाल. तिथे बरीच दुकाने सिंधी लोकांची आहेत. शहरात सिंधी कॉलनी आहे, कंवरनगर आहे. धुळ्याला कुमारनगर आहे. ही माणसे मूळची इथली नव्हेत. पण एक गंमत सांगतो. 1936 सालापर्यंत सिंध हा आपल्या मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची आणि धुळे एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते! कराचीहून मुंबईला आगबोटी चालत. कुणाला कुणाची परवानगी लागत नसे.

1947 साली देशाची फाळणी झाली. पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचे दोन तुकडे झाले. सिंधचे तुकडे झाले नाहीत. तो अख्खा पाकिस्तानात गेला. तिथले लाखो हिंदू घरदार सोडून निघाले. काही कल्याणजवळच्या छावणीत राहिले, तेच आजचे उल्हासनगर. काही रेल्वेच्या वाटेने पुढे सरकत जळगाव, भुसावळ, धुळे अशा गावांत आले. हाती काही नव्हते. कोणी डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन फिरले, कोणी गोळ्या-बिस्किटे विकली. हळूहळू दुकाने उभी राहिली.

सगळेच मात्र निघाले नाहीत. सक्कर, शिकारपूर, घोटकी या भागांत पुष्कळ हिंदू घरे मागे राहिली. एक भाऊ इकडे, एक तिकडे. मामा तिकडे, भाचे इकडे. आणि जिथे नाते असते तिथे सोयरीक निघतेच. आपल्या जातीतले, ओळखीतले, भाषेतले घर पाहावे, हे जसे आपल्याला वाटते तसेच त्यांनाही वाटते. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना लग्ने जुळत राहिली.

सुरुवातीला येणे-जाणे सोपे होते. 1948 साली परवाना लागू लागला. 1952 सालापासून पासपोर्ट आणि व्हिसा लागू लागले. हे दोन शब्द आपण पुष्कळदा ऐकतो, पण त्यांतला फरक ध्यानात घ्या. पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस आमचा आहे, असे त्यात लिहिलेले असते. व्हिसा दुसऱ्या देशाचे सरकार देते. या माणसाला आमच्याकडे अमुक दिवस येऊ द्यावे, असा त्याचा अर्थ. पासपोर्ट हातात असला म्हणजे व्हिसा मिळेलच असे नाही.

आता समजा, घोटकीची एक मुलगी जळगावच्या मुलाला दिली. लग्न लागले. सासूने ओवाळून घरात घेतले. सासरे म्हणतील, "अहो, सात फेरे झाले, आता आणखी काय राह्यलं?"

राहिले आहे. खूप राहिले आहे. लग्नाने ती त्या घरची सून झाली. देशाची नागरिक झाली नाही. तिच्या पेटीत पाकिस्तानचा पासपोर्ट आहे आणि त्यावर भारताचा व्हिसा आहे. कायद्याच्या नजरेने ती अजून परदेशी पाहुणी आहे. ही एक गोष्ट न समजल्यामुळे कितीतरी घरे पुढे अडचणीत येतात.

दोन्ही देशांनी व्हिसाचे नियम 1974 साली करार करून ठरवले आणि 2012 साली ते थोडे सैल केले. तरी ते कडकच राहिले. पाहुण्याला सगळ्या देशाचा व्हिसा मिळत नसे, ठरलेल्या गावांचा मिळे. व्हिसावर जळगाव लिहिले असेल तर जळगाव. धुळ्याला नणंदेचे घर असले तरी परवानगीवाचून जाता येत नसे. आल्यावर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागे. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हे परदेशी माणसांचे नोंदणी अधिकारी असतात. पोलिसांचे नाव ऐकून नवी सून घाबरते, पण तिथे जाणे म्हणजे गुन्हा नव्हे. न जाणे हा गुन्हा.

थोड्या दिवसांच्या व्हिसावर संसार होत नाही. म्हणून सरकारने दीर्घ मुदतीचा व्हिसा ठेवला. भारतीयाशी लग्न करून इथे राहणारी पाकिस्तानी स्त्री तो मागू शकते, मग ती हिंदू असो की मुसलमान. पाकिस्तानातल्या हिंदू, शीख, ख्रिस्ती अशा अल्पसंख्य लोकांनाही तो मागता येतो. मूळची भारताची मुलगी पाकिस्तानात दिली, तिकडची नागरिक झाली, आणि मग विधवा झाली किंवा तिला तलाक मिळाला, तिकडे आधाराला कोणी पुरुष माणूस नाही, तर तिच्यासाठीही या व्हिसाची सोय केलेली आहे. हा व्हिसा काही वर्षांसाठी असतो. मुदत संपण्यापूर्वी तो वाढवून घ्यावा लागतो.

मुदतीची तारीख ही जपण्याची गोष्ट आहे. ती का, ते पाहा.

नागरिकत्वाचा कायदा 1955 सालचा आहे. त्यात असे आहे की, जो परदेशी माणूस परवानगी नसता आला, किंवा परवानगीने आला पण मुदत संपल्यावरही राहिला, तो बेकायदा आलेला समजावा. अशा माणसाला नोंदणीने नागरिक होता येत नाही. म्हणजे व्हिसा वाढवायला विसरले, की सून एका दिवसात कायदेशीर पाहुणीची बेकायदा माणूस होते. घरात ती तीच असते. तीच भाकरी भाजते, तीच मुलांना शाळेत पोचवते. कागदावर मात्र ती दुसरीच होते.

आणि हे तिच्यापुरते राहत नाही. 3 डिसेंबर 2004 पासून असा नियम आहे की, भारतात जन्मलेले मूल भारतीय केव्हा? आईबाप दोघेही भारतीय असतील तेव्हा. किंवा एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल तेव्हा. म्हणजे बाप जळगावचा, आजोबा जळगावचे, मूल जळगावच्या दवाखान्यात जन्मलेले, तरी आईच्या व्हिसाची मुदत त्या दिवशी संपलेली असेल तर मुलाच्या नागरिकत्वालाच धक्का बसतो. माझ्या मते बाळंतपणाची तयारी करताना अशा घराने डिंकाच्या लाडवांइतकीच या कागदाचीही काळजी करावी.

आता नागरिकत्व कसे मिळते? लग्नाच्या नात्याने नागरिक व्हायला भारतात सात वर्षे राहावे लागते. ही सात वर्षे मोजण्याची रीत वेगळी आहे. अर्जाच्या अगोदरचे एक वर्ष सलग इथेच राहिलेले हवे. त्याच्या मागची आठ वर्षे घ्यायची. त्या आठांत मिळून सहा वर्षे इथे राहिलेले हवे. म्हणजे त्या आठ वर्षांत माहेरी जायला एकूण दोन वर्षांची सूट आहे. शेवटच्या वर्षात मात्र जपून. त्या वर्षी खास कारण असेल तर जास्तीत जास्त 30 दिवसांची सूट सरकार देऊ शकते, पण ती हक्काची नव्हे.

पूर्वी हा नियम असा नव्हता. 1955 च्या कायद्यात फक्त भारतीयाच्या बायकोला ही सोय होती. भारतीय बाईने परदेशी नवरा केला तर त्या नवऱ्याला नव्हती. बाईने नवऱ्याच्या घरी जायचे, हीच समजूत कायद्यातही होती. 1986 साली हा भेद काढला. तेव्हापासून नवरा असो की बायको, नियम एकच.

तुम्ही 2019 सालच्या कायद्याविषयी ऐकले असेल. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना त्याने वेगळी वाट दिली. त्याचे नियम मार्च 2024 मध्ये निघाले. पण ती वाट 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी आहे. 2018 साली लग्न होऊन जळगावला आलेली सून त्यात बसत नाही. तिला सात वर्षांचाच रस्ता. बाजारात कोणी एजंट म्हणाला, "ताई, नव्या कायद्याने लगेच काम करून देतो," तर त्याला पहिल्यांदा ही तारीख विचारावी.

देशादेशांत भांडण झाले की त्याची झळ या लग्नांना लागते. 1965 च्या लढाईत राजस्थान आणि सिंध यांना जोडणारी मुनाबावची रेल्वे तुटली. ती 2006 साली पुन्हा सुरू झाली. तिचे नाव थार एक्स्प्रेस. अमृतसरच्या बाजूने 1976 पासून समझौता एक्स्प्रेस होती. या दोन्ही गाड्यांनी किती नवऱ्या आणि किती वऱ्हाडे आणली असतील! ऑगस्ट 2019 मध्ये दोन्ही बंद पडल्या. त्याच वर्षी राजस्थानातल्या काही नवरदेवांची लग्ने सिंधमध्ये लागली, पण नवऱ्या मुलींना व्हिसा मिळेना. नवरदेव एकटे परत आले. बायका घरी यायला सुमारे दोन वर्षे लागली.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला निरपराध प्रवाशांची हत्या झाली. त्यानंतर सरकारने अटारीची चौकी बंद केली आणि 27 एप्रिलपासून पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द केले. दीर्घ मुदतीचे व्हिसे त्यातून वगळले. एकाच गल्लीतल्या दोन सुना. एकीकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा, ती राहू शकते. दुसरी नुकतीच थोड्या दिवसांच्या व्हिसावर आलेली, तिला निघावे लागते. कोणाचे लग्न खरे आणि कोणाचे खोटे, हा प्रश्नच नव्हता. कागद कोणता, एवढाच प्रश्न होता.

तुम्ही म्हणाल, "आपला काय संबंध? आपण कुठं सिंधमध्ये सोयरीक करतो?" खरे आहे. पण आता आपल्या गावांतली मुलेही अमेरिकेला, आखातात नोकरी करतात. त्यांना मुली दिल्या जातात. तिथेही लग्नाने दार उघडत नाही. मुलगा अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असेल, तर बायको त्याच्या आधाराने जाते. तिला सहसा नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही बायकांना ती परवानगी मिळू लागली, सगळ्यांना नाही. मुलगा तिथला नागरिक असेल आणि लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर तिला पहिला परवाना दोन वर्षांचाच मिळतो. मुदत संपण्यापूर्वी दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो. नवरा छळत असेल तर ती एकटीही अर्ज करू शकते. हे मुलीला निघण्यापूर्वी माहीत असावे.

मुलीचा पासपोर्ट मुलीजवळ असावा. सासूच्या कपाटात नको, नवऱ्याच्या बॅगेत नको. कायद्याने पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. लग्नाची नोंद गावातच करून घ्यावी. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच गावात विवाहाचे निबंधक असतात. तीन साक्षीदार लागतात. 90 दिवसांत नोंद करावी. पत्रिकेतले नाव, शाळेच्या दाखल्यातले नाव आणि आधारवरचे नाव एकच आहे ना, ते आधी पाहावे. परदेशातल्या नवऱ्याने बायकोला टाकले तर दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

आता आपल्या घोटकीच्या मुलीकडे परत येऊ. तिची सात वर्षे झाली. तिने अर्ज केला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस चौकशी करतात. शेजाऱ्यांना विचारतात. तिथून अर्ज मुंबईला गृह खात्यात आणि पुढे दिल्लीला जातो. याला वेळ लागतो. दिल्लीने होकार दिला म्हणजे तिला आपले जुने नागरिकत्व सोडावे लागते, कारण आपल्या देशात एका माणसाला दोन देशांचे नागरिक राहता येत नाही. जुने सोडले आणि नवे हाती आले नाही, असे मधले दिवस फार नाजूक असतात. त्या दिवसांतली प्रत्येक पावती सांभाळून ठेवावी लागते.

मग ती शपथ घेते. भारताच्या संविधानाशी निष्ठा ठेवीन, इथले कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्ये करीन, अशी ती शपथ असते. शपथेनंतर प्रमाणपत्र मिळते. त्या कागदाच्या आधारावर ती मतदार यादीसाठी सहा नंबरचा फॉर्म भरते. पासपोर्टचा अर्ज करते. या पासपोर्टावर आता भारत असे छापलेले असते. सिंधमधल्या आईला भेटायला जायचे तर त्यावर तिला पाकिस्तानचा व्हिसा मागावा लागतो.