मोटारींतील मैफल

मोटारींत नवा ध्वनिसंच बसविला, कीं बहुतेक मंडळी प्रथम आवाज चढवून पाहतात. खरी मौज तेथें नाहीं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणून उजवा कर्णा त्याला डाव्यापेक्षां सुमारें दोन फूट जवळ पडतो. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. अर्थात् उजवीकडील स्वर सेकंदाच्या पांचशेंव्या भागाहूनहि कमी काळ आधीं पोंचतो. केवढा हा क्षुद्र अवधि! पण तेवढ्यानें कान फसतो, आणि गवई उजव्या दारांतच बसल्याचा भास होतो. माझ्या चिरंजीवांनीं नुकत्याच बसविलेल्या संचांत जवळच्या कर्ण्याचा ध्वनि तितकाच वेळ थोपवून धरण्याची सोय आहे. ती लावतांच गवई समोरच्या कांचेपाशीं येऊन बसला! मागें बसणारांस मात्र हा लाभ नाहीं.

राहतां राहिला खर्ज. चाकांची घरघर नेमकी खालच्या स्वरांवर पांघरूण घालते, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार बुडते. शिवाय कर्ण्याच्या पुढल्या व मागल्या लहरी दाराच्या भोकांतून एकत्र येऊन एकमेकींस मारतात. म्हणून महागड्या कर्ण्याआधीं तीं भोकें बुजवावीं, पत्र्यास आंतून जाड अस्तर द्यावें. हें न करतां नुसता आवाज चढविला, तर तंबोरा सांपडत नाहींच, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाहि ऐकूं येत नाहीं.