पेशीच्या वेशीवर (लेखांक ५) : साखर सोबत असेल तरच मीठ आत

मागच्या लेखात सोडियम-पोटॅशियम पंप पाहिला. एटीपीचा एक रेणू खर्चून हे प्रथिन तीन सोडियम आयन पेशीबाहेर ढकलतं आणि दोन पोटॅशियम आत घेतं. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा निदान पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. एवढी उधळपट्टी कशासाठी? सोडियम बाहेर टाकून पेशीला मिळतं काय?

मिळते ती सोडियमची परत येण्याची ओढ. पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त असतं, शिवाय पेशीचा आतला भाग ऋण भाराचा. त्यामुळे जरा फट दिसली की सोडियम आत घुसायला बघतं. पेशी ती फट ठेवते, पण अट घालून.

ही अट कशी चालते ते लहान आतड्यात फार स्पष्ट दिसतं. खाल्लेलं-प्यालेलं आणि शरीरानंच ओतलेले पाचकरस धरून रोज सुमारे नऊ लिटर द्रव तिथे येतो. त्यातला जवळपास सगळा परत शोषला जातो. शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडतं. ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञानं मांडलं की आतड्यातलं ग्लुकोज पेशीत एकटं शिरत नाही, ते सोडियमच्या जोडीनं शिरतं. बँकेचा लॉकर जसा दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसं. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन जागेवर बसले की प्रथिनाचा आकार बदलतो आणि तिन्ही आत सुटतात. ग्लुकोज पलीकडच्या बाजूनं रक्तात जातं, सोडियमला तिथला पंप बाहेर काढतो, आणि या दोघांच्या मागोमाग पाणी जातं. या वाहक प्रथिनाला एसजीएलटी-१ म्हणतात. त्याचं जनुक १९८७ मध्ये अर्नेस्ट राइट यांच्या गटानं शोधलं.

प्रागमध्ये क्रेन यांचा विचार चालला होता तो साखर कशी शोषली जाते याचा. पण त्याच मांडणीत कॉलऱ्याचा इलाज होता.

कॉलऱ्याचे जंतू आतड्याची भिंत पोखरत नाहीत, रक्तातही उतरत नाहीत. ते एक विष सोडतात. हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव घातला, आणि जंतू नसतानाही तो तुकडा पाण्यानं टम्म फुगला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी विषाचा अंदाज १८८४ मध्येच बांधला होता. पुरावा यायला पाऊणशे वर्षं लागली. या कामाचं नोबेल डे यांना मिळायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

विषाचा अंश पेशीत शिरला की चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचं प्रमाण बेसुमार वाढतं. क्लोराइडचं दार उघडतं ते मिटतच नाही. क्लोराइड आतड्यात ओतलं जातं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. मीठ आत घेण्याचा नेहमीचा मार्गही याच वेळी मंदावतो. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. नुसतं पाणी पाजलं तर तेही तसंच वाहून जातं, आणि मीठपाण्याचीही फारशी वेगळी गत होत नाही. पण एसजीएलटी-१ ला हे विष हात लावत नाही. ग्लुकोज दिलं की एसजीएलटी-१ चं दार उघडतं आणि सोडियम आत येऊ लागतं.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर हे सिद्ध केलं. तरीही सलाईनच्या बाटलीवरचा डॉक्टरांचा विश्वास हलेना. तो हलवला १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या बनगावनं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पुड्यांची सोय केली. पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण पुढच्या वर्षी, मरणोत्तर.

आजच्या जलसंजीवनीच्या पाकिटात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल असतात. ग्लुकोजचं वजन १३.५ ग्रॅम भरतं. ही साखर चवीसाठी नाही आणि ताकदीसाठी तर नाहीच. म्हणूनच जास्त घातली तर जास्त फायदा होत नाही, उलट शोषली न गेलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. जुलाब होणाऱ्या मुलाला बाटलीबंद गोड पेय पाजणं ते याचसाठी चूक. लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळणं त्याहून वाईट, कारण मग मीठही मर्यादेबाहेर जातं.

कोकणात-गोव्यात आजाऱ्याला मीठ घालून पेज देतात, तिचा हिशेब मात्र सुंदर जमतो. स्टार्चचे रेणू मोठे आणि संख्येनं थोडे, त्यामुळे ते फारसं पाणी ओढत नाहीत. आतड्यात तुटून ते ग्लुकोज हळूहळू पुरवत राहतात. कॉलऱ्यात तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी दिली तर जुलाबाचं प्रमाण कमी होतं, हे चाचण्यांत दिसलं आहे.

याच वाहकाचा भाऊबंद, एसजीएलटी-२, मूत्रपिंडात असतो. रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज रक्तातून गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक हा भाऊ सोडियमच्या जोडीनं परत आणतो. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या त्याला अडवतात. मग साखर लघवीवाटे जाते, थोडं सोडियम आणि पाणीही जातं, रक्तदाब किंचित उतरतो. हृदय कमजोर झालेल्यांना, मधुमेह नसला तरी, या गोळ्या आता देतात त्या मात्र केवळ एवढ्यासाठी नव्हे. तिथला फायदा या साध्या हिशेबापेक्षा मोठा आहे.

या लेखात पाणी ‘मागोमाग जातं’ असं मी बिनदिक्कत लिहीत आलो. पण पेशीचं पटल तेलकट. त्यातून पाणी एवढ्या वेगानं जातं कुठून? पीटर अॅग्री यांच्या प्रयोगशाळेत रक्तपेशींच्या एका प्रथिनानं १९९२ मध्ये त्याचा उलगडा केला. ते पुढच्या आठवड्यात.