यंत्रांची प्रकृती : कमी खर्चातील देखरेख

‘यंत्र एकदा घेऊन दिल्यावर त्यावर दरवर्षी पुन्हा खर्च कशासाठी?’ असा प्रश्न देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

राजूर हे भंडारदरा-घाटघरच्या अतिपावसाच्या पट्ट्यालगतचे गाव. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, दमट हवेने विद्युत जोडण्या गंजतात आणि मोठ्या दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ शहरातून यावा लागतो. म्हणून यंत्र बिघडू लागल्याची खूण वेळीच ओळखणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

ठरावीक मुदतीने सुटे भाग बदलले की पुरे, असा एक समज आहे. अमेरिकेतील विमानसेवेच्या अनुभवावरून नोलन आणि हीप यांनी १९७८ साली दाखवून दिले, की अशा मुदतीचा उपयोग सुमारे ११ टक्के भागांनाच होतो. बाकीच्यांच्या बाबतीत वयापेक्षा प्रत्यक्ष स्थिती पाहणेच श्रेयस्कर.

तपासणीची पद्धत निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो : यंत्र बंद पडल्यास रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे, बिघाडाची चाहूल किती आधी लागते, आणि ती ओळखण्याचे सर्वांत स्वस्त, पण भरवशाचे साधन कोणते. चाहुलीपासून बिघाडापर्यंत महिना जात असेल, तर तपासणी पंधरा दिवसांनी तरी व्हावयास हवी.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुरू असल्याचा आवाज येतो, म्हणून तो शुद्ध प्राणवायू देतो असे नव्हे. प्राणवायूचे प्रमाण सुमारे ९३ टक्के असावे. ८२ टक्क्यांखाली गेल्यास यंत्र वापरातून काढावे. हे कळण्यास हातात मावणारा मापक पुरतो. लसींच्या शीतकपाटाचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. तेथे तापमापक आणि दिवसातून दोन नोंदी पुरतात. जनरेटर सुरू न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उतरलेली बॅटरी. साध्या व्होल्टमापकाने ते आधीच समजते. मात्र जनरेटर नुसता सुरू करून न पाहता प्रत्यक्ष भारावर चालवून पाहावा लागतो.

विद्युत फलकाची गोष्ट वेगळी. सैल जोडणी तापते, पण डोळ्यांना दिसत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून किमान ११ रुग्ण दगावले. विद्युत बिघाडाची शक्यता तेव्हा व्यक्त झाली होती. येथे उष्णता दाखविणारा कॅमेरा उपयोगी पडतो. तो विकत घेण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा तज्ज्ञास बोलावून, पूर्ण भार चालू असताना तपासणी करून घेणे परवडते.

उलट, घाटघरच्या २५० मेगावॅट वीज प्रकल्पासारख्या ठिकाणी कंपनांची अखंड नोंद ठेवणे योग्य. रुग्णालयाच्या पाण्याच्या पंपास तसे उपकरण बसविणे हा अपव्यय होय. पंपाचा बदललेला आवाज व तापलेले बेअरिंग चालकास कळते. तेथे जोडीला राखीव पंप असला म्हणजे झाले.

या सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नोंदवही. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. महिन्यांच्या आकड्यांचा कल मात्र बोलका असतो.

नव्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, मापकावर व तपासणीवर ते येत नाही. तरीही देणगीचा काही भाग देखभालीसाठी राखून ठेवण्यास आपण अनुमती द्यावी, ही नम्र विनंती. त्यामुळेच आपण दिलेले यंत्र गरजेच्या रात्री सुरू होईल.