विसाव्याचा सण आणि मजुराची भाकर

रविवारची सुटी आपणां नोकरदारांना सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटते. तिच्यामागे एका प्राचीन सणाची परंपरा आहे, याचे स्मरण क्वचितच होते. बायबलमधील ‘लेवीय’ या ग्रंथात यहुदी सणांची यादी आहे. तीत वल्हांडणाच्याही आधी मान मिळाला आहे तो दर आठवड्यास येणाऱ्या शब्बाथाला.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत सर्व काम थांबवावयाचे, हा त्याचा आचार. दिवे लावणे, उपासना, सहभोजन ही त्याची अंगे खरीच. परंतु हा सण केवळ धन्यासाठी नव्हे. दास, दासी, बैल, गाढव आणि गावात राहणारा परका यांनाही विसावा मिळाला पाहिजे, अशी आज्ञा आहे. कारण आज्ञा पाळणारेही एकेकाळी मिसर देशात गुलामच होते. आपल्याकडे पोळ्याला, वर्षातून एकदा, बैलाच्या खांद्यावरचे जू उतरते. येथे ते दर सातव्या दिवशी उतरावे, अशी अपेक्षा आहे.

महाराष्ट्राला हा सण अपरिचित नाही. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील मराठीभाषक बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. एका दिवसाच्या उत्पन्नावर पाणी सोडणे, हीच त्यांची ओळख ठरली.

ख्रिस्ती परंपरेत विसाव्याचा दिवस रविवार झाला. इंग्रजी अमलात कचेऱ्या त्या दिवशी बंद राहात; मुंबईच्या गिरण्या मात्र चालूच असत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुटीची मागणी मांडली. गिरणीमालकांनी ती मान्य करण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला.

प्रश्न तेथे संपला काय? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘निर्गम’ ग्रंथातील मान्नाची कथा येथे आठवावी. रानात भटकणाऱ्या इस्रायली लोकांना रोज आकाशातून अन्न मिळे; सहाव्या दिवशी ते दुप्पट मिळे, आणि म्हणूनच सातव्या दिवशी कोणी उपाशी राहात नसे. विसाव्याच्या आज्ञेआधी भाकरीची तरतूद झालेली होती. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटी बंधनकारक केली. ती पगारी असावी, असे मात्र म्हटले नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला, वा वाळूजच्या रोजंदारीवरील कंत्राटी कामगाराला, सुटी म्हणजे बुडालेली मजुरी होय. तो सुटी घेत नाही याचे कारण उद्योगप्रियता नव्हे, निरुपाय आहे.

पगारी सुटीने उत्पादनखर्च वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. परंतु तो खर्च आजही कोणीतरी सोसतोच आहे. मजुराचे शरीर तो सोसते. आपला रविवार निश्चिंतपणे उपभोगणाऱ्यांनी निदान एवढे तरी मान्य करावे, की सहा दिवसांच्या मजुरीत सातव्या दिवसाची भाकर असल्याखेरीज कोणतीही सुटी पवित्र होत नाही.