विजेची गिटार, तिची घरघर आणि स्वस्तातले नॉइज गेट

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी मंडपातला ध्वनिक्षेपक चालू केला की, पहिला जो आवाज कानी पडतो तो वक्त्याचा नसतो आणि अध्यक्षांचाही नसतो. तो असतो खालच्या पट्टीतला, सारखा चाललेला एक 'हूंऽऽ'. वक्ता बोलू लागला की तो ऐकू येईनासा होतो. वक्ता पाणी पिण्यासाठी थांबला की पुन्हा हजर. आपण या आवाजाला इतके सरावलो आहोत की तो येतो कोठून, हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ज्यांच्या घरी एखादा मुलगा वा मुलगी विजेची गिटार वाजवते, त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. तेथे हाच आवाज कितीतरी मोठा होऊन, वर सूंऽ अशी फुसफुस घेऊन, रोज संध्याकाळी घरात मुक्कामाला असतो.

आमच्याही घरी तो होता. आमच्या पुतण्याने एक गिटार आणि कोणाकडून तरी जुना ॲम्प्लिफायर घेतला. आवाज मुद्दाम फाडून, खरखरीत करून वाजवायचा, ही या वाद्याची आजची रीत. आणि तसा आवाज हवा तर ॲम्प्लिफायरचे 'गेन'चे बटण बरेच वर न्यावे लागते. ते वर नेले की घरघरही वर जाते. यावर 'नॉइज गेट' नावाचे एक पेडल मिळते, असे आम्ही कोठेसे वाचले होते. पैसे आम्ही दिले, सल्लाही आम्हीच दिला आणि दुकानात त्यातल्या त्यात स्वस्त होते ते उचलून आणले. घरात शांतता झाली. मग गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमात पुतण्याने एक संथ चीज वाजवली. तिच्या अखेरीस एक स्वर लांबवून हळूहळू विरू द्यायचा होता. तो विरला नाही. कात्रीने दोरा कापावा तसा तुटला. पुढच्या रांगेतील एका आजोबांनी मागे वळून विचारले, "वीज गेली का?" त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यातले जे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हे गेट करते काय, ते पाहू. नाव 'गेट' असले तरी त्यात दारापेक्षा द्वारपाल महत्त्वाचा. दारावर बसून तो येणाऱ्या आवाजाचा जोर सतत मोजतो. जोर ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर दार उघडे. खाली गेला की दार बंद. या मर्यादेला 'थ्रेशोल्ड', म्हणजे चक्क उंबरठा, असे म्हणतात. यावरून एक गोष्ट उघड होते, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाहीत: गेट घरघर नाहीशी करीत नाही, फक्त स्तब्धतेच्या वेळी झाकते. गिटार वाजत असते तेव्हा दार उघडेच असते आणि स्वराबरोबर घरघरही आत शिरते. स्वराच्या जोरापुढे ती आपल्याला जाणवत नाही इतकेच. वाजवीत असतानाही ज्याला ती त्रास देते, त्याला कोणतेही गेट, मग ते स्वस्त असो की महाग, उपयोगाचे नाही.

म्हणून पैसे खर्चण्याआधी घरघर कोणती व कोठली, हे ओळखले पाहिजे. तिच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिली 'हूंऽऽ'ची. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. तारा, ट्रान्सफॉर्मर, पंख्याचे रेग्युलेटर यांच्याभोवती तिचे चुंबकीय क्षेत्र पसरलेले असते. गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो तो म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेचे कंपन टिपणे हे त्याचे काम. पण तो या परक्या क्षेत्रालाही टिपतो. संगीताची आवड असलेल्यांसाठी सांगायचे तर, ही ५० कंपने पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर, खर्जाच्याही खाली पडतात. तंबोराच तो एक प्रकारचा. मात्र कोणत्याच गाण्याच्या सुरात नसलेला! यावर उपाय फार पूर्वीच निघाला. अमेरिकेतील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे बाहेरची घरघर एकमेकांना खोडून टाकते. चुंबकही उलटे बसवलेले असल्यामुळे तारेचा स्वर मात्र खोडला न जाता दुणावतो. त्याचे 'हंबकर' हे नाव अगदी सार्थ आहे. आमच्या पुतण्याच्या गिटारला एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते.

दुसरी जात 'सूंऽ'ची. ही विजेच्या कंपनीची करणी नव्हे, निसर्गाची आहे. कोणत्याही वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत चळवळत असतात आणि त्या चळवळीचा आवाज होतो; जॉन्सन व नायक्विस्ट या बेल प्रयोगशाळेतील दोघांनी १९२८ मध्ये तो मोजून व सिद्ध करून दाखवला. तो समूळ जाणे शक्य नाही. ॲम्प्लिफायरचा पहिला टप्पा जितका चांगला तितका तो कमी, एवढेच.

या दोन्ही जाती ओळखण्याची परीक्षा फुकट आहे. ॲम्प्लिफायर नेहमीच्या आवाजावर ठेवून गिटारची केबल त्यातून उपटावी. आवाज तसाच राहिला तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात आहे. गिटार व ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ठेवलेल्या गेटला तो ऐकूही येणार नाही. केबल पुन्हा लावून गिटारवरील आवाजाचे बटण शून्यावर आणावे. घरघर गेली तर ती पिकअपमधून येत होती. मग बटण वर करून, गिटार गळ्यात घेऊन उभ्या जागी हळूहळू गिरकी घ्यावी. हसू नका, एका विशिष्ट दिशेला घरघर निम्म्याहून कमी झालेली आढळते. आम्ही ही परीक्षा केली तेव्हा पंख्याचा रेग्युलेटर शून्यावर नेताच उरलेल्यातली बरीचशी गेली. पुतण्या ॲम्प्लिफायरला चिकटून बसत असे. तो चार पावले दूर बसू लागला. इतके होईपर्यंत एक पैसाही खर्च झाला नव्हता, आणि गेट तर आधीच विकत घेऊन झाले होते.

येथे एक गोष्ट जरा खडसावून सांगितली पाहिजे. तीन पिनांच्या प्लगातील मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची, काढून टाकली की कधीकधी हूंऽऽ थांबते, आणि हा 'उपाय' सांगणारे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. तो कदापि करू नये. वादकाची बोटे ज्या तारांवर असतात त्या ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. पेटीत वीज उतरली तर ती वाहून नेणारी वाट हीच एक पिन. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा तरुण गिटारवादक रंगमंचावर असताना मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने गेला; उपकरणांचे अर्थिंग धड नव्हते. तारांना हात लावताच मुंग्या आल्या तर वादन तेथेच थांबवून घरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर घरी उघडूही नये. प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात शेकडो व्होल्ट साठून राहतात.

आता गेट ठेवायचे कोठे, या मुद्द्याकडे वळू. वरवर क्षुल्लक वाटला तरी निवडीचे सारे मर्म यात आहे. समजा, जोराने छेडलेली तार ५०० मिलिव्होल्ट देते, विरत आलेला स्वर ५ आणि घरघर अर्धा. (हे आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत.) स्वर घरघरीच्या हजारपट आहे, कोणाची तक्रार नाही. आता ॲम्प्लिफायरने सर्वांना हजारपट केले. घरघर झाली अर्धा व्होल्ट, विरता स्वर ५ व्होल्ट आणि मोठा स्वर व्हायला हवा ५०० व्होल्ट. पण त्या टप्प्याचे छत समजा १० व्होल्टांवर आहे. स्वर तेथे डोके आपटून चेपला जातो. आवाज 'फाटतो' तो यामुळेच. परिणाम असा की, स्वर घरघरीच्या हजारपट होता तो आता केवळ वीसपट उरला. धनिकाच्या संपत्तीवर मर्यादा आली आणि भुरट्याला मात्र पूर्ण वाटा मिळाला! त्यात ॲम्प्लिफायरची स्वतःची फुसफुस वेगळीच.

गेट या टप्प्याच्या आधी ठेवले तर द्वारपालाला स्वच्छ स्वर ऐकू येतो, पण ॲम्प्लिफायरच्या पोटात पुढे जन्मणारी फुसफुस त्याच्या हाती लागत नाही. नंतर ठेवले तर फुसफुस अडते. परंतु ती झाकण्यासाठी उंबरठा इतका उंच करावा लागतो की विरता स्वरही त्यालाच अडखळतो. आमची फजिती झाली ती नेमकी अशी. मधला मार्ग असा की, द्वारपालाचा कान पुढच्या दाराशी ठेवायचा आणि हात मागच्या दारावर. ज्या गेटला इनपुट व आउटपुटखेरीज 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी आणखी दोन भोके असतात, त्याला हे साधते. गिटार गेटच्या इनपुटला. गेटचा सेंड ॲम्प्लिफायरच्या इनपुटला. ॲम्प्लिफायरच्या मागील इफेक्ट्स लूपचा सेंड गेटच्या रिटर्नला. आणि गेटचे आउटपुट त्या लूपच्या रिटर्नला. चार केबली लागतात, गुंता दिसतो, पण गेट ऐकते ते स्वच्छ गिटारला आणि बंद करते ते फाटलेल्या आवाजाला. ॲम्प्लिफायरच्या पोटातील फुसफुस त्याच्या कानावर येतच नसल्यामुळे उंबरठा बराच खाली ठेवता येतो. ॲम्प्लिफायरला असा लूप नसेल आणि आवाज पेडलने फाडला जात असेल, तर ते पेडल गेटच्या सेंड-रिटर्नमध्ये घालावे. प्रतिध्वनीची पेडले मात्र गेटच्या नंतर, नाहीतर प्रतिध्वनीचेही शेपूट तुटते.

तेव्हा स्वस्त कोणते घ्यावे? सर्वांत स्वस्त ते, जे घरात आधीच आहे: आजच्या अनेक डिजिटल ॲम्प्लिफायरांत आणि मल्टिइफेक्ट पेट्यांत गेट आतच असते, व ते असल्याचे मालकाला ठाऊक नसते. ते नसेल आणि घरघर फक्त गिटारची असेल, तर मूअर कंपनीच्या 'नॉइज किलर'सारखे एका बटणाचे छोटे पेडल पुरते. त्यावरील खटका 'सॉफ्ट'कडे ठेवावा. ॲम्प्लिफायरही घरघरत असेल तर सेंड-रिटर्न नसलेले गेट फुकट मिळाले तरी घेऊ नये, असे आमचे मत झाले आहे. या जातीतले जुने व नावाजलेले पेडल म्हणजे बॉस कंपनीचे १९८७ सालचे एनएस-२. त्याच वळणावर बेतलेले बेहरिंगरचे एनआर३०० प्लॅस्टिकच्या डब्यात येते आणि पुष्कळच स्वस्त पडते. पायाने दणादण दाबणाऱ्याच्या हाती ते किती टिकेल याची शंका आहे, पण गेट हे एकदा चालू करून विसरून जाण्याचे पेडल आहे. टीसी इलेक्ट्रॉनिकचे 'सेंट्री' उच्च व नीच स्वरांना वेगवेगळे दार ठेवते, त्यामुळे नुसती सूंऽ अडवून खालचा स्वर चालू ठेवता येतो. किंमत अर्थातच वर जाते. कोणतेही घ्या, पण 'डिके' किंवा 'रिलीज' हे बटण त्यावर असावे. दार धाडकन लागावे की हळूहळू, हे त्यावर ठरते. तुटक, ठोकळेबाज वादनाला धाडकन चालते. संथ वादनाला ते बटण पुरते उजवीकडे लागते.

पुतण्याने जुने पेडल अर्ध्या किमतीत एका मित्राला दिले, त्याच्या ॲम्प्लिफायरला ते छान चालते, आणि सेंड-रिटर्नचे एक वापरलेले आणले. उंबरठा लावायची त्याची रीत अशी: गिटारला हात न लावता बटण शून्यापासून हळूहळू चढवायचे, घरघर थांबली की तेथेच सोडायचे, मग एक स्वर छेडून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकायचे आणि मध्ये तुटला तर बटण केसभर मागे घ्यायचे. पुढच्या गणेशोत्सवात तीच चीज झाली. शेवटचा स्वर अखेरपर्यंत ऐकू आला आणि त्याच्या मागून क्षणभर सूंऽ अशी फुसफुसही आली. ती आम्ही त्याच्या नजरेस आणली, तेव्हा तो म्हणाला, "काका, तेवढी मुद्दाम ठेवली आहे."