भीतीचा जीर्णोद्धार

1996 साली प्लेस्टेशनवर आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल' या गेममध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं म्हणजे एक सोहळाच होता. पडदा काळा व्हायचा, त्या काळोखात एकटं दार उभं राहायचं, सावकाश कुरकुरत उघडायचं, आणि मग पलीकडची खोली दिसायची. पलीकडे काय वाढून ठेवलंय या विचारानं खेळणाऱ्याचा जीव टांगणीला. तेवढ्या वेळात यंत्र मात्र निमूटपणे सीडीवरून पुढच्या खोलीची माहिती वाचून घ्यायचं. त्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती 2 एमबी! आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा बरा फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. गेम ज्या हवेलीत घडतो ती अख्खी एकदम आत बसणं शक्यच नव्हतं, म्हणून एकेक खोली आत घ्यायची आणि वाट पाहायला लागते हे लपवायला मध्ये दार उभं करायचं. त्या लपवाछपवीनं जगभरातल्या पोरांची झोप उडवली.

या गेमातली बरीचशी भीती अशीच नाइलाजातून आलेली आहे. तिथल्या खोल्या ही खरं तर आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं. त्यांच्यावर माणसं आणि झोंबी तेवढे हलतात. चित्र स्थिर, म्हणून कॅमेराही कोपऱ्यात खिळलेला. वळणापलीकडून कण्हण्याचा आवाज येतो, पण कॅमेरा काही केल्या तिकडे वळत नाही. पात्राला आधी जागच्या जागी फिरवून मग पुढे चालवावं लागे, त्यामुळे पळून जाणंही धड जमत नसे. गोळ्या मोजक्या, खिशात जागा मोजकी, आणि खेळ जतन करायचा तर टंकयंत्र शोधून त्यात शाईची फीत घालायची. फितीही मोजक्याच.

आता प्रश्न असा, की यंत्राच्या अडचणी संपल्यावर या भीतीचं काय करायचं? आजच्या यंत्राला दार लागत नाही, खिळलेला कॅमेरा लागत नाही. जुना गेम नव्यानं घडवणाऱ्यांपुढे हे कोडं असतं. चित्रं चकचकीत करणं त्यामानानं सोपं. पैसा ओतला की ते होतं.

गंमत म्हणजे मूळ 'रेसिडेंट ईव्हिल' हाच एका जुन्या गेमच्या पुनर्निर्मितीच्या कल्पनेतून जन्मला. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं 1989 साली 'स्वीट होम' नावाचा भुताच्या वाड्याचा गेम काढला होता. त्याचे दिग्दर्शक तोकुरो फुजिवारा. तेव्हाच्या यंत्रावर जे जमलं नाही ते नव्या यंत्रावर करावं, या विचारानं त्यांनी पुढे शिंजी मिकामी या तरुण सहकाऱ्याकडे काम सोपवलं.

त्याच मिकामींनी 2002 मध्ये आपला गेम निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी पुन्हा बांधला आणि त्यात जो खट्याळपणा केलाय त्याला तोड नाही. मूळ गेममध्ये एका बोळातून जाताना खिडकीची काच फोडून कुत्रे अंगावर यायचे. ज्यानं खेळलं त्याला ती जागा जन्मात विसरता आली नाही. नव्या गेममध्ये तो बोळ येतो, जुना खेळाडू बंदूक रोखून दबकत पुढे सरकतो, काचेला नुसता तडा जातो. बाकी काही नाही. कुत्रे येतात ते नंतर, तुम्ही गाफील असताना. म्हणजे तुमची आठवणच तुमच्यावर उलटवली! दुसरी खोड आणखी भयंकर. मारून टाकलेला झोंबी काही वेळानं पुन्हा उठतो, तोही तांबडालाल, नख्या वाढवून, पळत. तसं होऊ नये म्हणून एक तर त्याचं डोकं उडवायचं, नाही तर प्रेत रॉकेल ओतून जाळायचं. रॉकेलही अर्थातच मोजकं. त्यामुळे एखाद्याला मारावं की बाजूनं निसटावं, याचा हिशेब करत बसावं लागतं.

2019 चा 'रेसिडेंट ईव्हिल 2' ही तर पूर्ण नवी बांधणी. मूळ गेम 1998 चा. कथा रकून सिटीच्या पोलीस ठाण्यात घडते. ही इमारत पूर्वी कलासंग्रहालय होती असं सांगून पुतळे, पदकं, चोरदारं यांची सोय लेखकांनी आधीच करून ठेवलेली. नव्या गेममध्ये कॅमेरा खांद्यामागे आला, म्हणजे चारी दिशांना बघता येऊ लागलं. मग दिसू द्यायचं नाही कसं? उत्तर साधं होतं: दिवे घालवले. हातातल्या बॅटरीचा झोत पडेल तेवढंच जग. आणि दाराचं काय? पूर्वी दार ओलांडलं की सुटका व्हायची, कारण मागची खोली मेमरीतून गेलेली असायची. झोंबी पाठलाग करणार कुठून? आता सगळी इमारत सलग आहे. दार लोटून ते मागोमाग येतात.

आणि येतो मिस्टर एक्स. उंच, हॅट घातलेला, लांब कोटातला. मरत नाही, फार तर गुडघ्यावर बसतो. धावतसुद्धा नाही, नुसता चालतो. मूळ गेममध्ये तो दुसऱ्या फेरीत ठरावीक ठिकाणी भेटायचा. नव्यात तो इमारतभर तुम्हाला शोधत हिंडतो आणि त्याच्या बुटांचा आवाज भिंतींमधून येत राहतो. झाशी जिल्ह्यात गुरसरायला मामांकडे गेलो असताना मामेभावानं हा गेम लावून हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. थोड्या वेळानं मी हेडफोन काढून वर बघायला लागलो. तो हसत म्हणाला, "अरे दादा, माडीवर कुणी नाहीये. तो गेमवाला चालतोय."

दोनच कानांना 'वर' कसं कळतं, हे खरं नवल आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. वर-खाली ओळखायला कानाच्या पाळीचे वळसे कामी येतात. आवाज कुठल्या उंचीवरून येतो त्याप्रमाणे ते त्यातले काही सूर दाबतात, काही उठवतात. या गेममध्ये हे गणित खेळता खेळता चालू असतं. गेममधला कॅमेरा कुठं वळलाय ते बघून दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज सोडला जातो. 1998 चा बंद दरवाजा जे काम करायचा, ते आता पावलांच्या आवाजाकडे आलंय.

याहून मला चकित करतं ते 'सायलेंट हिल'मधलं धुकं. 1999 च्या पहिल्या गेममध्ये प्लेस्टेशनला दूरवरचं शहर रेखाटण्याची ताकद नव्हती. ती उणीव धुक्यानं झाकली. दुसऱ्या भागाची पुनर्निर्मिती पोलंडमधल्या क्राकोव्हच्या ब्लूबर टीमनं केली. ती ऑक्टोबर 2024 मध्ये आली. आजचं यंत्र शहर लांबपर्यंत लख्ख दाखवू शकतं, तरी त्यांनी धुकं ठेवलं. ठेवलं नसतं तर लोकांनी त्यांना फाडून खाल्लं असतं.

हे काम किती अवघड आहे, हे पुण्या-मुंबईनंही पाहिलंय. भयकथा नव्हे, पण तितकाच गाजलेला 2003 चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' नव्यानं घडवण्याचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. त्या गेमची सुरुवातच हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालात होते. सप्टेंबर 2020 मध्ये घोषणा झाली, झलक पाहून लोकांनी नाकं मुरडली, तारखा पुढे गेल्या, 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं आणि जानेवारी 2026 मध्ये प्रकल्पच गुंडाळला. मला याची हळहळ वाटते. कुठल्या अडचणीतून मूळची जादू आली आणि तिच्या जागी आता काय बसवायचं, हे ओळखणं पहिल्यांदा गेम बनवण्याइतकंच कठीण आहे.

पहिल्यांदाच खेळणार असाल तर 'रेसिडेंट ईव्हिल 2' पासून सुरुवात करा. मध्यम पातळी पुरे. कठीण पातळीवर शाईच्या फिती परत येतात. हेडफोन लावाच. आणि पोलीस ठाण्यात सापडणाऱ्या लाकडी फळ्या जपून ठेवा, तळमजल्याच्या पश्चिमेकडच्या बोळातल्या खिडक्यांना आधी ठोका. झोंबी तिथून आत येतात.