व्याख्या पाठ, करार न वाचलेला

इस्लामी अर्थसाक्षरतेवरचं संशोधन बहुतांशी मलेशिया-इंडोनेशियातलं. इंडोनेशियाच्या 2022 च्या सरकारी पाहणीत एकूण अर्थसाक्षरता 49.68 टक्के, तर शरियाधारित व्यवहारांची समज जेमतेम 9.14 टक्के निघाली. बँका दारात असून ही गत. सांगली-साताऱ्यात तशी बँकच नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये सुरू केलेली बिनव्याजी कर्जयोजना रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनंतर थांबवावी लागली. मग इथल्या माणसाला ‘मुराबहा’ची, म्हणजे माल स्वतः घेऊन ठरलेल्या नफ्यासह विकण्याच्या कराराची, व्याख्या विचारून काय मोजणार? त्यापेक्षा असं विचारावं, की सांगलीच्या पेठेतली लाखाची हळद संस्थेने स्वतः घेतली, व्यापाऱ्याला एक लाख आठ हजारांना हप्त्यांवर द्यायचं ठरलं, आणि ताबा देण्याआधीच पोती भिजली, तर तोटा कोणाचा? वरचे आठ हजार म्हणजे नाव बदललेलं व्याजच, असा आक्षेप हमखास येतो. संस्था मालाची जोखीम घेतच नसेल तर तो खराही आहे. पण जोखीम घेऊन मिळवलेला नफा आणि व्याज यांतला फरक ओळखता येणं हीच तर साक्षरता. बँक नाही, मग साक्षरता कशाला, हेही पटत नाही. बंगळूरची आयएमए ही गुंतवणूक कंपनी 2019 मध्ये कोसळली, तेव्हा ‘हलाल’ नफ्याच्या भरवशावर पैसे ठेवलेले हजारो लोक बुडाले. व्याज निषिद्ध आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. नफा येतो कुठून, एवढंच फारसं कोणी विचारलं नव्हतं.